व्हॉयेजरचा कंडेन्सर आणि शाळेच्या कपाटातली दुर्बीण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडं एका वाचकांचं पत्र आलं होतं, की आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, रस्त्याची चाळण झालीय आणि आपण चंद्रावर यानं सोडतोय, तिथं काय ठेवलंय, माणसानं आधी पायाखालचं बघावं. मी ते दोनदा वाचलं, दुकानात बसलेल्या दोघांना वाचून पण दाखवलं. त्यांचं दुखणं खरं आहे, त्यावर माझं काहीच म्हणणं नाही, पाणी साठवून साठवून वापरणं काय असतं ते मला घरातच माहिती आहे. पण "तिथं काय ठेवलंय" ह्या तीन शब्दांवर मी अडकलो ते अडकलोच, दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र. लांब होईल, पण शक्यतो कापू नका.

मी बार्शीत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं काम करतो, ३४ वर्षं झाली. शिक्षण आयटीआयपर्यंत. शास्त्रज्ञ नाही, इंजिनिअर पण नाही, पण बंद पडलेली वस्तू उघडायची, बिघाड कुठं आहे ते हुडकायचं आणि ती परत बोलती करायची ह्यातच माझं आयुष्य गेलं, त्यामुळं अवकाशाचं मला जे काय कळलं ते ह्याच वाटेनं कळलं.

आधी उपयोगाचं सांगून टाकतो. माझं घर जवळपास पंधरा वर्षं डिशच्या छत्र्यांवर चाललंय. फ्री डिशची छत्री लावायची म्हणजे जमिनीपासून ३६,००० किलोमीटरवर, विषुववृत्ताच्या डोक्यावर थांबलेल्या उपग्रहाकडं तोंड करायचं, आणि बोटभर इकडं तिकडं झालं की टीव्हीवर काहीच दिसत नाही. पत्र्यावर उभं राहून मी अशा किती छत्र्या लावल्या त्याचा हिशोब नाही. वादळाचा इशारा, पावसाचा अंदाज, मोबाईलमधला नकाशा, कोकणातल्या बोटवाल्यांना मिळणारा निरोप, हे सगळं वरूनच येतं. तेव्हा उपयोग नाही असं तर कोणी म्हणूच शकत नाही. पण मला स्वतःला हे उत्तर पुरत नाही, कारण ते फार तर उपग्रहाला लागू पडतं. ज्या यानाचा आपल्या पोटापाण्याशी काडीचा संबंध नाही त्याचं काय? माझं सगळ्यात जास्त प्रेम अशाच एका यानावर आहे.

व्हॉयेजर. दोन आहेत. दुसरं आधी सुटलं, २० ऑगस्ट १९७७ ला, आणि पहिलं नंतर, ५ सप्टेंबर १९७७ ला, पण पहिलं जवळच्या वाटेनं जाऊन पुढं निघालं म्हणून ते पहिलं. गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून हे चारही ग्रह एकाच फेरीत गाठता येतील अशा जागी साधारण १७६ वर्षांनी एकदा येतात, तो मोका साधून अमेरिकेच्या नासानं ही दोन यानं सोडली. एका ग्रहाच्या ओढीनं वेग घ्यायचा आणि पुढच्याकडं जायचं, गोफणीतल्या दगडासारखं.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. यान सोडून आठ महिने पण झाले नव्हते, १९७८ च्या एप्रिलात व्हॉयेजर २ चा मुख्य रिसीव्हर, म्हणजे पृथ्वीवरून पाठवलेला निरोप ऐकणारा भाग, गेला. जादा म्हणून दिलेला दुसरा रिसीव्हर चालू झाला तर त्यातला एक कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारा बारका पार्ट, खराब. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातलं सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं. कारण माझ्याकडं येणाऱ्या कामात निम्मं काम कंडेन्सरचंच असतं, फुगलेला, गळलेला, नाहीतर वरून चांगला दिसणारा पण आतून मेलेला. पाच-दहा रुपयांचा पार्ट. मी तो पाच मिनिटात बदलतो. पण तिथं कोण जाणार बदलायला?

तो कंडेन्सर काय करायचा ते सांगतो. रेडिओत स्टेशन जरा सरकलं तरी चांगला सेट ते आपणहून धरून ठेवतो, तसं पृथ्वीवरून जाणाऱ्या लहरी थोड्या वरखाली झाल्या तरी रिसीव्हरनं त्यांच्या मागं मागं जायचं, ते काम त्या सर्किटचं होतं. ते बंद पडलं. आता यान फक्त एका बारीक पट्ट्यातलंच ऐकू शकतं आणि तो पट्टा पण रिसीव्हरच्या तापमानाप्रमाणं सरकत राहतो. मग त्या लोकांनी काय केलं, यानाला स्टेशन पकडता येत नाही ना, मग आपण स्टेशनच यानाच्या कानाशी नेऊन ठेवायचं. पृथ्वी फिरतेय, यान पळतंय, त्यानं लहर किती ताणेल किती दबेल, यानाच्या आत किती गरम आहे, हा सगळा हिशोब मांडायचा आणि बरोबर त्याच फ्रिक्वेन्सीवर बोलायचं. अशा अर्ध्या बहिऱ्या कानावर व्हॉयेजर २ नं १९७९ ला गुरू, १९८१ ला शनी, १९८६ ला युरेनस आणि १९८९ ला नेपच्यून बघितला. युरेनस आणि नेपच्यूनच्या जवळ त्याच्याशिवाय आजपर्यंत दुसरं कोणतंही यान गेलेलं नाही. आणि तो कंडेन्सर अजून तसाच आहे हो, १९७८ पासून तसाच.

दुसरी गोष्ट व्हॉयेजर १ ची, ही तर परवाची. २०२३ च्या नोव्हेंबरात त्याच्याकडून येणारा मजकूर कळेनासा झाला, सिग्नल येतोय पण अर्थ लागत नाही. आमच्याकडं असा सेट आला की आम्ही बोर्ड ठोकून बघतो, मल्टीमीटर लावतो, शेजारच्या सेटमधली आयसी काढून घालून बघतो. त्यांच्याकडं ह्यातलं एक पण नव्हतं. यान तेव्हा २४०० कोटी किलोमीटरवर, प्रकाशाच्या वेगानं निरोप जायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला परत साडेबावीस तास. यानाच्या कॉम्प्युटरची सगळी मेमरी मिळून ७० केबीच्या आसपास, तुमच्या मोबाईलमधला एक चांगला फोटो त्यात मावणार नाही. आणि ज्यांनी तो बनवला त्यातले बरेच जण रिटायर झालेले, काही गेलेले, त्यामुळं जुनी कागदपत्रं काढून वाचत बसायचं. मार्चमध्ये त्यांनी एक कमांड टाकून बघितली, त्यावर जो मजकूर आला त्यात एकाला कळलं की अरे ही तर सगळ्या मेमरीची नक्कल आहे. ती जुन्याशी ताडून बघितल्यावर सापडलं की मेमरीतली एक चिप मेलीय. एक चिप.

मग त्या मेलेल्या चिपमधला प्रोग्राम तुकडे करून बाकीच्या मेमरीत जिथं जिथं मोकळी जागा होती तिथं नेऊन बसवला आणि तुकड्यांची एकमेकांशी जोडणी केली. आमच्या भाषेत जंपर मारला. बोर्डावरचा ट्रॅक जळला की आम्ही वरून वायर टाकून रस्ता काढून देतो ना, अगदी तसं. १८ एप्रिल २०२४ ला निरोप पाठवला आणि २० एप्रिलला यान परत नीट बोलायला लागलं. नासातला फोटो आला होता, टेबलाभोवती माणसं टाळ्या वाजवतायत, काही पांढऱ्या केसांची. माझ्या डोळ्यात पाणी आलं. मला त्यांच्यातलं एकही माणूस माहिती नाही, पण चार महिने एक सेट बंद आणि मग स्पीकरमधून पहिला आवाज येतो तेव्हा पोटात काय होतं ते मला माहिती आहे.

त्यांच्यात एड स्टोन म्हणून शास्त्रज्ञ होते, १९७२ पासून २०२२ पर्यंत ५० वर्षं ते ह्या एकाच मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ. यान कागदावर होतं तेव्हापासून ते सूर्यातून वाहणाऱ्या कणांच्या वाऱ्याची हद्द ओलांडून पलीकडं गेलं, व्हॉयेजर १ २०१२ ला आणि २ २०१८ ला, तोपर्यंत. यान परत बोलायला लागलं तेव्हा ते हयात होते, त्याच वर्षी जूनमध्ये ते वारले.

खड्ड्यांचं पत्र वाचल्यावर मला आधी हेच आठवलं. खड्डा का पडतो? माझ्या मते रस्ता केल्यावर त्याच्याकडं परत कोणी बघत नाही म्हणून पडतो. पंप बसवला, फोटो काढला, आणि सहा महिन्यांनी एक बेअरिंग गेलं की तो पंप कायमचा बंद, कारण तो कोणाचाच नाही. आणि इकडं जे यान परत हातात येणार नाही, ज्याच्या अणुबॅटरीची वीज दरवर्षी साधारण ४ वॅटनं कमी होतेय, ज्याची एक एक यंत्रं वीज वाचवायला बंद करावी लागतायत, त्याच्याकडं ४८ वर्षं माणसं रोज बघतायत. हे ज्यानं बघितलं त्याला आपल्या गल्लीतला बंद नळ बघून जास्त राग येतो, कमी नाही. निदान मला तरी तसं होतं. त्यामुळं यान का खड्डे असा वाद घालायचं कारणच मला दिसत नाही. आपलंच बघा की, २०१९ च्या सप्टेंबरात विक्रम चंद्रावर आदळलं, इस्रोनं रडून सोडून दिलं नाही, कुठं चुकलं ते हुडकलं, पाय मजबूत केले, इंधन वाढवलं, प्रोग्राम सुधारला आणि २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी उतरवून दाखवलं. त्या दिवशी मी दुकानातला मोठा टीव्ही रस्त्याकडं तोंड करून ठेवला होता. भाजीवाली, रिक्षावाले, क्लासची पोरं, समोरच्या मेडिकलवाला, सगळे उभे. उतरल्यावर भाजीवालीनं मला विचारलं, "आता परत कधी येणार ते?" म्हटलं मावशी ते येत नाही परत, तिथंच राहणार. ती एवढीशी झाली. म्हणाली, "एकटंच व्हय?"

ह्या एकटेपणावरूनच पुढचं आठवलं.

व्हॉयेजरच्या दोन्ही यानांवर एक एक रेकॉर्ड लावलीय, बारा इंची, तांब्याची, वर सोन्याचा मुलामा. अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या माणसांनी ती तयार केली. कोणाला कधी सापडलीच तर त्यांना कळावं की इथं आम्ही राहतो. त्यात पावसाचा आवाज आहे, लहान मुलाचं रडणं आहे, ५५ भाषांतले नमस्कार आहेत आणि त्या ५५ मध्ये आपली मराठी आहे. एका बाईच्या आवाजात: "नमस्कार. ह्या पृथ्वीतील लोक तुम्हाला त्यांचे शुभविचार पाठवतात आणि त्यांची इच्छा आहे की तुम्ही ह्या जन्मी धन्य व्हा." बाकी बऱ्याच भाषांत नुसतं नमस्कार, कसे आहात, एवढंच आहे. आपल्या माणसानं आशीर्वाद पण देऊन टाकला.

आणि गाणं. जगभरातल्या संगीतातून २७ तुकडे निवडले त्यात हिंदुस्थानी संगीताचा एकच, सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी, "जात कहाँ हो". केसरबाई गोव्याच्या, फोंड्याजवळच्या केरी गावच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. ती रेकॉर्ड शोधून शोधून मिळेना, शेवटी न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. हे वाचल्यावर मी माझ्या दुकानातलं एक खोकं पण टाकून दिलेलं नाही. व्हॉयेजर १ सुटलं ५ सप्टेंबरला आणि केसरबाई गेल्या १६ सप्टेंबर १९७७ ला, अकरा दिवसांनी. त्यांचा आवाज आज सेकंदाला १७ किलोमीटरनं पुढं चाललाय.

तर मी एकदा हा मराठी नमस्कार दुकानात एका जुन्या रेडिओच्या स्पीकरवर लावून बघत होतो, मोबाईलची वायर मागून जोडून. तेवढ्यात एक आजी आल्या, खेड्यातल्या, ऐंशीच्या पुढच्या, त्यांचा रेडिओ माझ्याकडं दुरुस्तीला होता, सोलापूर केंद्र लागायचं बंद झालं होतं म्हणून. त्यांनी ऐकलं आणि हात जोडले. मग म्हणाल्या, "कोण बोलायलीय ही बाई?" मी सांगितलं, आजी हे एका यानात घालून आभाळात पाठवलंय, सूर्याच्या पण पार पलीकडं गेलंय, तिकडं कोण असंल तर त्यांनी ऐकावं म्हणून. आजी स्टुलावर बसल्या, जरा विचार केला आणि म्हणाल्या, "पत्ता घातलाय का त्याच्यात? न्हाईतर उत्तर कुठं धाडतील ती?"

मी बघतच राहिलो. कारण पत्ता घातलाय. रेकॉर्डच्या कव्हरवर आपल्या सूर्याचा पत्ता कोरलाय, आणि तो कसा कोरलाय ते आजींना समजावून सांगताना मला पण नव्यानं कळला. आकाशात पल्सार नावाचे तारे असतात, ते स्वतःभोवती गरगर फिरतात आणि दर फेरीला दीपगृहासारखा रेडिओ लहरींचा झोत टाकतात, प्रत्येकाची टकटक वेगळी आणि घड्याळासारखी पक्की. असे १४ पल्सार घेतले, त्यांच्यापासून सूर्य कुठल्या दिशेला आहे त्याच्या रेघा काढल्या आणि प्रत्येक रेघेवर त्या त्या ताऱ्याची टकटक लिहिली. आजींना म्हटलं, आपण नाही का सांगत, वडाच्या झाडापासून डावीकडं, देवळाच्या मागं, तसं. "मग बरंय," म्हणाल्या आणि पिशवीतून पैसे काढले. रेकॉर्ड कशी वाजवायची ते पण कव्हरवर चित्रातून दाखवलंय आणि सुई सोबत दिलीय. मिनिटाला १६ फेरे आणि वर थोडंसं. जुन्या रेकॉर्ड चेंजरला ७८, ४५, ३३ च्या खाली एक १६ चा आकडा असायचा, आम्ही तो कधी वापरलाच नाही, तो कुठं उपयोगाला आला बघा.

पल्सारची टकटक ऐकायची मोठी जागा आपल्या महाराष्ट्रात आहे हे कितीजणांना माहिती आहे? नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे, ३० डिश, एक एक ४५ मीटर व्यासाची, काही एकमेकींच्या जवळ आणि बाकीच्या २५ किलोमीटरपर्यंत तीन बाजूंना पसरलेल्या. माझा भाचा तिकडं नोकरीला आहे, विज्ञान दिनाला तिथं प्रदर्शन असतं तेव्हा मी गेलो होतो, शाळेची पोरं स्वतः केलेली मॉडेल घेऊन आलेली. ती डिश जवळून बघितली आणि ती उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप, त्यांचं डोकं मला कळलं. भरीव पत्रा नाहीच, पोलादी दोऱ्या ताणून त्यावर बारीक तारेची जाळी बसवलीय. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी, आणि त्या लांब लहरींना जाळी भरीव पत्र्यासारखीच वाटते. आपल्या हातातल्या साधनात जमेल असं. तिथं मोबाईल बंद करायला लावतात कारण तुमच्या खिशातल्या फोनचा आवाज त्या डिशना ताऱ्यापेक्षा मोठा येतो. मी ३४ वर्षं रेडिओतली खरखर घालवायचं काम करतो, आणि इथं माणसं त्या खरखरीत बसून काय सापडतंय ते बघतात. व्हॉयेजरचं पण तसंच. त्याचा ट्रान्समीटर २३ वॅटचा आहे, फ्रिजमधल्या दिव्याएवढा. इथं पोचेपर्यंत एका वॅटचे अब्ज तुकडे करून त्यातल्या एकाचे परत अब्ज तुकडे करावेत त्याहून पण कमी उरतं. तरी ऐकू येतं, कारण कोणीतरी कान लावून बसलंय.

आता ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं तिथं येतो.

आमच्या भागातल्या एका शाळेत मी स्पीकर दुरुस्त करायला गेलो होतो. कपाट उघडलं तर माइकच्या वायरींच्या मागं एक लांब खोकं, आत दुर्बीण. चांगली, पांढरी नळी, तिपाई, सगळं. कुठल्या तरी निधीतून आलेली, किती वर्षांपूर्वी ते शिपायाला पण आठवेना, आणि एकदाही बाहेर काढलेली नव्हती. भिंगाला बुरशी, वरच्या छोट्या दुर्बिणीचा स्क्रू निखळलेला. कोणाची चूक म्हणून सांगत नाही, शिक्षकांना कोणी शिकवलंच नव्हतं. मी ती परवानगी घेऊन दुकानात आणली. भिंग हळूहळू साफ केलं, स्क्रू बसवला, आणि दिवसा लांबच्या मोबाईल टॉवरच्या टोकावर दोन्ही नळ्या एकाच जागी बघतील अशा लावून घेतल्या. छत्री लावण्यातलाच प्रकार आहे तो. मग शाळेच्या गच्चीवर तीन रात्री पोरांना बोलावलं आणि गुरू दाखवला.

सहावीतली एक मुलगी वही घेऊन आली होती. एकरेघी वहीत तिनं मधे गोल काढला आणि शेजारी चार ठिपके, गुरूचे चार चंद्र. दुसऱ्या रात्री तीनच ठिपके. "काका, एक कुठं गेला?" मी म्हटलं उद्या ये. तिसऱ्या रात्री चौथा परत होता, पण पलीकडच्या बाजूला. ती नळीपासून बाजूलाच होईना, मागं पोरांची रांग, आणि ही म्हणतेय की थांबा, तो मागून फिरून आलाय. कोणी तिला सांगितलं नव्हतं. तिनं वहीची तीन पानं शेजारी शेजारी धरून बघितली आणि तिचं तिला कळलं.

मग मी तिला त्यातल्या आयो नावाच्या चंद्राची गोष्ट सांगितली. १९७९ च्या मार्चमध्ये व्हॉयेजर १ गुरूला ओलांडून पुढं गेलं आणि मागं वळून त्यानं आयोचा एक फोटो काढला, तो पण शोभेसाठी नाही, आपण कुठं आहोत हे ताऱ्यांवरून ताडून बघण्यासाठी. लिंडा मोराबिटो नावाच्या इंजिनिअर बाई तो फोटो तपासत होत्या, अंधुक तारे दिसावेत म्हणून त्यांनी चित्र उजळ केलं, तर आयोच्या कडेला छत्रीसारखा ढग. चूक असंल म्हणून त्यांनी सोडलं असतं तरी कोणी विचारणार नव्हतं. त्यांनी सोडलं नाही. तो ज्वालामुखी होता, पृथ्वीच्या बाहेर बघितलेला पहिला जिवंत ज्वालामुखी. त्या बाई काही ज्वालामुखी शोधायला बसल्या नव्हत्या. त्या पत्रलेखकांना मला एवढंच सांगायचंय की दादा, तिथं काय ठेवलंय ते गेल्याशिवाय कळत नाही, आणि गेल्यावर पण नीट बघणारं माणूस लागतं.

ती मुलगी आता रविवारी दुकानात येते. सोल्डर करायला शिकलीय, आधी शिसं गोळा व्हायचं, आता टाके चांगले येतात. परवा तिनं एका रेडिओतला कंडेन्सर स्वतः हुडकून काढला. तिची आई शेतात मजुरीला जाते, ती मला म्हणाली की पोरगी रात्री अंगणात पडून वर बघत बसते आणि आम्हाला पण बघायला लावते. मी तिला व्हॉयेजरचं सगळं सांगितलंय. २०२६ च्या नोव्हेंबरात व्हॉयेजर १ पृथ्वीपासून एक प्रकाश-दिवस लांब पोचेल, म्हणजे इथून सकाळी हाक मारली की दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं पोचणार. माणसानं केलेली कुठलीच वस्तू तेवढी लांब गेलेली नाही. ती तारीख तिनं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलीय.

संपादक साहेब, दोन विनंत्या आहेत. तुम्ही रोज पंचांग छापता, तापमान छापता, सोन्याचा भाव छापता. त्याच्या शेजारी शनिवारच्या अंकात दोन बोटं जागा द्या. आज संध्याकाळी कुठल्या बाजूला कुठला ग्रह दिसतोय, आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक आपल्या भागावरून किती वाजता जाणार आहे. त्याला दुर्बीण लागत नाही, साध्या डोळ्यांनी दिसतं, चांदणीसारखं, न लुकलुकता, चार-पाच मिनिटात आभाळ ओलांडतं. आपले शुभांशू शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये त्यातच होते, तेव्हा मी रात्री आणि पहाटे गल्लीतल्या लोकांना बाहेर काढून दाखवलंय, म्हाताऱ्या माणसांनी सुद्धा हात हलवला.

दुसरी विनंती वाचकांना. आपल्या शाळेत, वाचनालयात, मंडळाच्या खोलीत कपाट उघडून बघा. एक तरी दुर्बीण कुठंतरी वायरींच्या मागं पडलेली निघेल. ती फेकू नका, भंगारात देऊ नका. बार्शीला आणून द्या, मजुरी घेणार नाही, भिंग किंवा पार्ट लागला तर तेवढेच पैसे. लांबचं असेल तर मी एसटीनं येतो, सामान माझ्या पिशवीत मावतं. फक्त एक करा, दुरुस्त झाल्यावर ती परत कपाटात ठेवायची नाही, गच्चीची किल्ली एका शिक्षकाकडं आणि वही एका पोराकडं द्यायची. पत्ता तुमच्या कार्यालयात देऊन ठेवलाय, विचारणाऱ्याला द्यावा. दुकान सोमवारी बंद असतं.

आपला वाचक,
एक रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला, बार्शी